मांगराची काजळी

"…आणि मग हे पीठ पडतंय कुठून, बुवा?"

हेरंबने तळहात पुढे केला. त्यावर चिमूटभर पिवळसर भुगा होता, वस्त्रगाळ केल्यासारखा बारीक.

धोंडगीरबुवा मठाच्या अंगणात काथ्याची दोरी वळत बसले होते. त्यांनी भुगा पाहिला, हेरंबकडे पाहिलं, आणि पुन्हा दोरी वळायला घेतली.

"कुठे मिळालं?"

"मांगरात. मधल्या खांबाच्या बुडाशी. काल झाडून काढलं होतं. आज पुन्हा तेवढंच."

"मग आजही झाडून काढ."

"बुवा, हा केर नाही. लाकडाला कीड लागलीय."

"मला वाटलं, तू विचारतोयस," बुवा म्हणाले. "तुला तर माहीत आहे."

बुवांशी बोलताना असं व्हायचं. माणूस प्रश्न घेऊन जायचा आणि दोन वाक्यांत तो प्रश्न त्याच्याच गळ्यात परत यायचा.

कातळखोल ही घाटाच्या पायथ्याची पंचवीस उंबऱ्यांची वाडी. मठ म्हणायचा तो दोन खोल्यांचा. पण मठाला भाताचे तीन मळे होते आणि मळ्यांच्या कडेला एक मांगर. मांगर म्हणजे शेतातलं लाकडी घर. खाली गुरं, वर माळ्यावर पेंढा, कोपऱ्यात नांगर आणि जू, आणि मागच्या बाजूला भात उकडायची चूल. कोकणात असे मांगर पूर्वी पैशाला पासरी होते. आता वाडीवाडीत पत्र्याच्या शेडी झाल्या, आणि जुना म्हणावा असा हा एवढाच उरला.

बारा खांब किंजळीचे, तुळया फणसाच्या, खुंट्या खैराच्या. साऱ्या मांगरात एक खिळा नाही. लाकूड तोडलं होतं ते वद्य पक्षात, कारण अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही असं जुने मेस्त्री सांगत. भिंती पावसात दोनदा बसल्या, कौलं कितीदा तरी बदलली. सांगाडा मात्र दोनशे वर्षं जागचा हलला नव्हता.

हेरंब पाटणकर पुण्याचा. जुन्या इमारतींच्या जतनाचं शिक्षण घेतलेला, हुशार, मेहनती, आणि आपण हुशार आणि मेहनती आहोत हे चांगलं ठाऊक असलेला. अडीच वर्षांपूर्वी तो मांगराची मापं घ्यायला आला, आठ दिवसांसाठी. बुवांच्या ओट्यावर बसला तो बसलाच. नोकरी सोडली. वडिलांनी बोलणं सोडलं. गेल्या पौषात बुवांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "मांगर तुझ्या हवाली."

किल्ली कशाची होती कोण जाणे, मांगराला कुलूपच नव्हतं. हेरंबने आधी कुलूप आणलं.

मग त्याने मांगर वाचवायला घेतला.

दोन रेडे आणि गाय पत्र्याच्या शेडीत गेली. माळ्यावरचा पेंढा उतरला. खांबांवर, तुळयांवर, वाशांवर बोटभर जाडीची काजळी होती, डांबरासारखी चिवट. ती त्याने सोड्याच्या पाण्याने आणि काथ्याच्या कुंच्याने आठ महिने घासली. नखं गेली, पाठ गेली. पण खालून फणसाचा हळदी रंग वर आला, तेव्हा तो शिडीवर बसून रडला होता. मग जवसाचं तेल. मग दारात वाळूच्या दोन लाल बादल्या, आणि खांबावर पाटी: 'हात लावू नये.'

चूल अर्थात पहिल्याच दिवशी बंद झाली होती.

आता परवा, गुरुवारी, शहरातून समिती येणार होती. जपून ठेवायच्या वास्तूंच्या यादीत मांगर घ्यायचा की नाही, ते ठरवायला. हेरंबने त्यांना मांगराचा इतिहास लिहून पाठवला होता. अकरा पानं.

आणि आज हे पीठ.

"औषध मिळतं," हेरंब म्हणाला. "सुईने लाकडात सोडायचं. मी फोन केलाय. माणूस उद्या येईल."

"येऊ दे की."

"कीड मरेल."

"मरेल."

"…पण?"

"मी कुठे पण म्हटलं? तूच म्हणालास." बुवांनी दोरीला पीळ दिला. "पुढच्या साली?"

"पुन्हा सोडू."

"त्याच्या पुढच्या साली?"

"पुन्हा."

"तू नसलास तर?"

हेरंबने तळहात मिटला.

"बरं, मागची दोनशे वर्षं कोण सोडत होतं?"

"…कोणी नाही. लाकूड चांगलं आहे. वद्य पक्षातलं आहे. मी लिहिलंय ते."

"लाकूड तेच आहे ना?"

"तेच."

"मग वर्षभरात काय पालटलं?"

अंगणात कोंबडी माती उकरत होती. हेरंब तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या मनात उत्तर आलं होतं, पण उत्तर आलं की ते तोंडावाटे काढावं लागतं, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

बुवा उठले. गुडघे धरून, कण्हत उठले. "चल. मांगरात जाऊ. तुझी अकरा पानं घे बरोबर."

मांगर खरोखर देखणा दिसत होता. कौलांच्या फटींतून ऊन येत होतं आणि तुळया चमकत होत्या. लग्नघरासारखा स्वच्छ. गुराचा वास नाही, शेणाचा वास नाही, कसलाच वास नाही. मधल्या खांबाच्या बुडाशी मात्र पिठाचा छोटा ढीग, सकाळी झाडल्यावर पुन्हा जमलेला.

"वाच," बुवा म्हणाले.

हेरंब वाचू लागला. मांगर कोणी बांधला, लाकूड कुठल्या रानातलं, मेस्त्री कुठल्या गावचा. एका वादळात ईशान्येचा खांब मोडला तेव्हा फुटक्या गलबताची डोलकाठी आणून उभी केली, ती कशी ओळखायची. तुळईवरच्या तासणीच्या खुणा. खुंट्यांची संख्या, एकशे चौऱ्याऐंशी. बुवा मन लावून ऐकत होते. डोलकाठीपाशी तर त्यांनी मान डोलावली. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

"छान लिहिलंयस. चुलीचं कुठे आहे?"

"चुलीचं…"

"हं."

"नवव्या पानावर आहे."

"वाच."

हेरंबने पान उलटलं. जरा वेळ लागला. मग त्याने वाचलं, "'मागील बाजूच्या चुलीच्या धुरामुळे लाकडाची अपरिमित हानी झालेली होती.'"

बुवा मधल्या खांबाशी वाकले.

त्यांनी पिठावर बोट टेकवलं आणि बोट हेरंबपुढे धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

आठ महिने. एकेक वासा. जी काजळी खरवडून टाकली, तीच लाकडाचं किडीवरचं औषध होती. रोज थोडं, दोनशे वर्षं, न चुकता. आणि आपण ते शिडी लावून, सोडा टाकून, अभिमानाने पुसून काढलं. चोरानेही इतकं केलं नसतं. लाज अशी दाटून आली की त्याला खांबाला हात लावावासा वाटला, पण समोर त्याचीच पाटी होती.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"होतं."

"मग अडवलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे?" बुवा म्हणाले. "तू सांगितलंस."

आणि ते बाहेर गेले.

परत आले तेव्हा त्यांच्या कवेत पेंढ्याची पेंडी होती. सरळ मागच्या चुलीशी गेले. चुलीवर हेरंबने जुनी अवजारं मांडून ठेवली होती, नावांच्या चिठ्ठ्यांसकट. बुवांनी ती बाजूला सारली, पेंढा चुलीत कोंबला, आणि काडी ओढली.

"बुवा!"

पेंढा भडकला. जाळ चुलीबाहेर आला, हातभर, मग पुरुषभर. वाळलेलं, तेल प्यायलेलं लाकूड डोक्यावर होतं. एक जळती काडी तरंगत वर निघाली…

हेरंबने दारातली बादली उचलली आणि सगळी वाळू चुलीत फेकली. मग दुसरी. जाळ बसला. वर गेलेली काडी वाशाला लागून काळी होऊन खाली पडली. त्याने ती पायाने चिरडली, आणि चिरडून झाली तरी पाय उचलेना.

"बरं झालं," बुवा म्हणाले. "बादल्या कामी आल्या."

"मांगर पेटला असता!"

"असता."

"मग… मग का पेटवलंत?"

"चूल पेटवून पाहिली. मला येत नाही." बुवांनी अंगावरची वाळू झटकली. "माझ्या हातून जाळच होतो. धूर होत नाही."

"मग कोणाला येतं?"

बुवांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की हेरंबला पुढचं विचारवेना. एका मुठीत किल्ली आणि दुसऱ्या मुठीत खांबाशी पडलेलं चिमूटभर पीठ घेऊन तो मांगराबाहेर पडला.

सगुणाबाय मठाच्या मळ्यांपलीकडे राहत होती. मठाचं आणि निम्म्या वाडीचं भात तीच उकडायची. भात आदल्या दिवशी भिजत घालायचं, सकाळी मोठ्या हंड्यात उकडायचं, खळ्यावर वाळवायचं, मग गिरणी. मांगरातली चूल बंद झाल्यापासून ती आपल्या घरामागे फणसाखाली तीन धोंडे मांडून उकडत होती. वारा आला की जाळ इकडचा तिकडे जायचा, आणि दुप्पट सरपण लागायचं.

हेरंब तिच्यामागे जाऊन उभा राहिला. ती हंड्यात काठी फिरवत होती.

"सगुणाबाय."

तिने वळून पाहिलं नाही. "मी खंयच्या खांबाक हात लावूक नाय हां."

"तसं नाही. मांगरात… चूल पेटवायला याल का?"

काठी थांबली. "बुवांनी धाडल्यानी?"

"हो." मग तो म्हणाला, "नाही. त्यांनी धाडलं नाही. मीच आलो."

"कित्याक?"

त्याने तळहात उघडला. पीठ अजून होतं, घामाने ओलं झालेलं. तिने ते बोटाने उचललं, हुंगलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"खंयच्या खांबाक?"

"मधल्या."

"आई गे…" ती म्हणाली. "माझी सासू त्या खांबाक पाठ टेकून बसायची."

हेरंबला वाटलं, आता निघेल. पण ती पुन्हा काठी फिरवायला लागली.

"तू माका काय बोललंस, आठावता?"

"आठवतं."

"सांग बघूया."

हेरंबने मान खाली घातली. "'मावशी, तुमच्या धुराने दोनशे वर्षांचं लाकूड नासलं.'"

"आणि?"

"'उद्यापासून बाहेर उकडा.'"

"आणि?"

आणखी काय बोललो होतो, ते त्याला पटकन आठवेना. मग आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं, असं वाटलं. "…'तुम्हाला नाही कळायचं ते.'"

"हां," सगुणाबाय म्हणाली. समाधानाने म्हणाली. वर्षभर पोटात ठेवलेलं वाक्य बाहेर पडल्यासारखी ती हलकी झाली. "चल तर. हंडो उचल. गरम असा, फडको घे."

तांब्याचा हंडा, आत निम्मं उकडलेलं भात. हेरंबने तो मळ्याच्या बांधावरून, मठासमोरून, वाडीतल्या दोन माणसांच्या देखत वाहून नेला. त्या दोघांनी काही विचारलं नाही. वाडीत सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं.

मांगरात आल्यावर तिने कंबरेवर हात ठेवून वर पाहिलं. तुळयांकडे, वाशांकडे.

"घासलंस बाकी चांगला," ती म्हणाली.

ती कुजकटपणे म्हणाली की मनापासून, हे हेरंबला शेवटपर्यंत कळलं नाही.

चुलीतली वाळू त्याला काढायला लावली. सगळी, ओंजळीने. मग मठामागून नारळाची सोडणं, वरची जाड सालं, आणायला सांगितली.

"पेंढो घालूचो नाय. पेंढो म्हणजे पोराचो राग, लगेच वर जाता. सोडणां घाल. अर्दी सुकी, अर्दी ओली. सुकी खाली."

हेरंबने रचली. तिने ती विस्कटली आणि पुन्हा रचली. निखारा ठेवला. हेरंब वाकून फुंकायला लागला.

"फुकू नको!" तिने त्याच्या खांद्यावर चापट मारली. "जाळ नको माका. धूर होयो. धराक शिक."

त्याने दम धरला.

धूर आला. आधी चुलीभोवती घुटमळला, मग खांबांना धरून वर चढू लागला. एकही ठिणगी नव्हती. हंड्याखाली सोडणं लाल होऊन आतल्या आत जळत होती. हेरंबने नकळत मोजायला घेतलं, जाळ किती वर येतो ते. चार बोटं. त्याच्यावर नाही. दोनशे वर्षं लाकडी घरात चार बोटं जाळ, आणि हे त्याच्या अकरा पानांत कुठेही नव्हतं.

"तुमच्या आधी इथे कोण उकडायचं?"

"सासू."

"तिच्या आधी?"

"तिची सासू. चंद्रभागा तिचा नाव."

"आणि त्याच्या आधी?"

"ता माका म्हायत नाय. कोण तरी असतली." तिने काठी हंड्यात घातली. "चूल काय थंड रवली असतली?"

हेरंबने खिशातून पेन काढलं. नवव्या पानावर, अपरिमित हानीच्या शेजारी, समासात लिहिलं, चंद्रभागा. मग विचारलं, "आणि सासूबाईंचं नाव?"

"द्वारका."

"तुमचं? पूर्ण?"

"माझा कित्याक?" तिने संशयाने पाहिलं. "खंय अंगठो बिंगठो घेतलंस तर बघ हां."

"अंगठा नको. नाव हवंय."

तिने सांगितलं. त्याने लिहिलं.

धूर आता कौलांपर्यंत पोचला होता. हळदी तुळया पुसट दिसायला लागल्या. जवसाच्या तेलाची चकाकी एकेका वाशावरून विझत चालली. हेरंब ते बघत होता. त्याचे डोळे वाहत होते, आणि ते सगळं धुरामुळे नव्हतं. बरोबर चाललंय हे त्याला कळत होतं. तरी त्या रंगासाठी जीव तुटत होता. आठ महिन्यांचं काम होतं ते, आणि अडीच वर्षांत एवढं एकच त्याला स्वतःचं वाटलं होतं.

शेडीतल्या रेड्याला धुराचा वास लागला असावा. तो तिकडून रेकला.

हेरंब उठला. खांबावरची पाटी काढली. तिच्या कडेला काजळीची पहिली रेघ लागली होती. ती त्याने अंगठ्याने पुसली नाही. पाटी चुलीशी सरपणात ठेवली. सगुणाबायने ती उचलली, उलटसुलट पाहिली, आणि "सुकी असा" म्हणत खालच्या बाजूला सरकवली.

दारात धोंडगीरबुवा येऊन उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. हातात वळून झालेली दोरी होती. ती रेड्यांसाठीच होती, हे हेरंबला आत्ता कळलं.

"बुवा," तो म्हणाला, "परवा समिती येणार."

"येऊ दे."

"मी लिहून पाठवलंय, लाकडाचा मूळ रंग बघा. धूरमुक्त केलाय म्हणून. स्वच्छ म्हणून. आणि इथे…" त्याने वर हात केला. वर धुराशिवाय काही दिसत नव्हतं. "इथे चूल, हंडा. गुरंही आत येतील. ते विचारतील, तुम्ही जतन काय केलं?"

बुवा आत आले. खांबाशी थांबले. पीठ पडतच होतं, कीड एका दिवसात थोडीच जाणार. त्यांनी ते पाहिलं, आणि पुढे गेले.

हंड्यावर वाकले. भाताची साल तडकायला लागली होती. त्यांनी एक दाणा बाहेर काढला, फुंकला, बोटांत दाबून सोलला.

"मी त्यांना काय सांगू, बुवा?"

बुवांनी दाणा तोंडात टाकला.

"जेवायला थांबा म्हणावं."